सर म्हणाले, बडेबाबू म्हणाले

लखनौला मी पीएच.डी. करत होते तेव्हा आमच्या सरांपर्यंत पोचायचा एकच रस्ता होता आणि तो बडेबाबूंच्या खुर्चीमागून जात होता. फार्मसीच्या त्या जुन्या इमारतीत सरांच्या खोलीला व्हरांड्यातूनही दार होतं, पण त्याला आतून कपाट लावलेलं. म्हणजे जायचं ते बडेबाबूंच्या खोलीतून. ती खोली इतकी चिंचोळी की त्यांनी आपली खुर्ची टेबलाकडे ओढून घेतली तरच भिंतीला घासत पलीकडे जाता येई. बहुतेक वेळा ते ती ओढत नसत. "आप बैठिए, हम पूछ के आते हैं," म्हणत, स्वतः उठून आत जात आणि बाहेर येऊन सरांचा निरोप सांगत. तो निरोप सरांचाच आहे का, अशी शंका आमच्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी आली. मला ती अजून येते.

ते विभागाचे हेडक्लार्क. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण घेत कुणी नसे. सरसुद्धा त्यांना बडेबाबूच म्हणत. संशोधन करणाऱ्या मुलांचं जे जे कागदोपत्री असतं ते त्यांच्याकडे होतं. फेलोशिपचं बिल, रसायनांची मागणी, प्रयोगाच्या उंदरांची मागणी, हॉस्टेलचा दाखला, सुट्टीत घरी जायचं तर रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म. कामाला माणूस चोख होता. माझं बिल कधी अडलं नाही.

उंच, वाळके, थोडे पोक काढून चालणारे. थंडीत गुडघ्यापर्यंत येणारा तपकिरी कोट आणि कानटोपी, उन्हाळ्यात मानेवर ओला अंगोछा. उजव्या कानाच्या पाळीत अत्तराचा फाया, थंडीत हिना आणि उन्हाळ्यात खस. इथरच्या आणि उंदरांच्या वासातही तो वास वेगळा ओळखू यायचा. आज बडेबाबू आलेत की नाही ते जिन्यातच कळे. फाया कानाच्या भोकात नसे, वरच्या घडीत असे, तरीही बडेबाबूंनी काही चुकीचं सांगितलं की मुलं म्हणत, "फाया अंदर सरक गया होगा."

मी अकोल्याहून आले होते. नागपूरला बी.फार्म. आणि एम.फार्म. केलं आणि सरांचं नाव ऐकून इथे अर्ज केला. पहिल्या आठवड्यात माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या शकीलनं मला बडेबाबूंची भाषा शिकवली. ते "हो जाएगा" म्हणाले तर ते काम होणार नाही. "देखते हैं" म्हणाले तर होईल. "परेशान मत होइए" म्हणाले तर मात्र ताबडतोब परेशान व्हायला लागायचं. मी हे घोकून ठेवलं. मग मला हॉस्टेलमध्ये खालच्या मजल्यावरची खोली हवी होती, तेव्हा बडेबाबू म्हणाले, "हो जाएगा." मी नाद सोडला. दुपारी हॉस्टेलवर गेले तर माझी ट्रंक खालच्या खोलीत हलवलेली. शकीलला विचारलं तर तो म्हणाला, "तुम नई हो. तुमसे अभी सच बोल रहे होंगे."

सर दक्षिणेकडचे. मोठे विद्वान, मनाने मऊ, पण बोलणं इंग्रजीत आणि इतकं हळू की वाक्याचा शेवट त्यांच्या टायच्या गाठीपाशीच विरून जायचा. त्यांना माणसांशी बोलायला आवडतच नसे, आणि बडेबाबूंमुळे त्यांना बोलावं लागत नसे. निरोप आत जाई, निरोप बाहेर येई, वाटेत त्याचं काय होई कुणास ठाऊक. एका मुलाचा प्रबंधाचा भाग सरांनी कचरा म्हणून परत केला होता, हे आम्हाला फार नंतर कळलं. त्याला बडेबाबूंनी सांगितलं, "सर कहते हैं, बहुत मेहनत की है आपने, ज़रा सा और देख लीजिए." त्यानं दोन-चार वाक्यं बदलून तोच भाग परत आत पाठवला. सर चक्रावले. शकीलचं उलटं. त्याचं लिखाण सरांना आवडलं होतं, आणि बडेबाबू बाहेर येऊन मान हलवत म्हणाले, "सर ख़ुश नहीं हैं." बिचाऱ्यानं सगळं नव्यानं लिहिलं. सर म्हणाले, आधीचं बरं होतं. शकील चिडून बडेबाबूंकडे गेला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तारीफ़ सुन के आदमी काम छोड़ देता है, मियाँ." पण मग पहिल्या मुलाला का कुरवाळलं?

ते हसत नसत. त्यामुळे चेष्टा कुठली आणि खरं कुठलं, कळायला मार्ग नव्हता. एका उन्हाळ्यात प्राण्यांच्या खोलीत कसली तरी साथ आली आणि शकीलचे सगळे उंदीर मेले. सहा महिन्यांचं काम बुडालं. शकील प्रयोगशाळेत डोकं धरून बसला होता. बडेबाबू आले. घरात कुणी गेल्यावर माणसं येतात तसे आले, चपला दाराबाहेर काढून. स्टुलावर टेकले. मग म्हणाले, "मर्ज़ी ऊपरवाले की. किसका बस चलता है." दुसऱ्या दिवसापासून शकीलसाठी चहा आणि खाणं बडेबाबूंच्या घरून येऊ लागलं, सुतक असलेल्या घरी शेजाऱ्यांकडून येतं तसं. शकील मला म्हणाला, "ये मज़ाक उड़ा रहे हैं या सच में अफ़सोस कर रहे हैं?" मी म्हटलं, "तुम खा लो." डब्यात अरहरची, म्हणजे आपल्या तुरीची, डाळ होती आणि ती फार चांगली होती. आम्ही दोघांनी ती खाल्ली, पण उत्तर काही सापडलं नाही.

स्वतःबद्दल ते प्रत्येकाला वेगळं सांगत. शकीलला सांगितलं की ते तरुणपणी फौजेत होते. लायब्ररीतल्या बाईंना सांगितलं की त्यांना कॉलेजात शिकवायचं होतं पण बाप वारला. मला सांगितलं की त्यांना लहानपणापासून कारकूनच व्हायचं होतं, कारण शाळेतल्या कारकुनाकडे फिरती खुर्ची होती. त्यांची बायको कुणाच्या मते आजारी होती, कुणाच्या मते वारलेली, आणि ही दोन्ही माणसं शपथेवर सांगत की हे खुद्द बडेबाबूंच्या तोंडून ऐकलं आहे.

आता फोनचं सांगते. विभागात टेलिफोन दोनच होते, एक सरांकडे आणि त्याचाच जोड बडेबाबूंच्या टेबलावर. माझ्या घरून ट्रंक कॉल यायचा तो या टेबलावर. अकोल्याला शेजारी वकील राहत, त्यांच्याकडे फोन होता. महिन्यातून एकदा आई-वडील तिथे जाऊन कॉल लावत. बडेबाबू शिपायाला पाठवून मला बोलावत, फोन हातात देत आणि समोरच बसून राहत. उठून जाण्याची पद्धत त्यांना माहीत नसावी. मीही फिकीर केली नाही. आईशी मी आमच्या घरच्या वऱ्हाडीत बोलायचे. लखनौत तीन-चार मराठी कुटुंबं मला माहीत होती, रेल्वेतले इंजिनिअर आणि संशोधन संस्थेतले एक शास्त्रज्ञ, पण ते पुण्याकडचं बोलत आणि त्यांची मुलं तर सरळ हिंदीत उत्तरं देत. त्यामुळे वऱ्हाडी ही माझी आणि आईची खाजगी भाषा होती. आईनं एकदा विचारलं, "कोनी हाये काय तिथं?" मी म्हटलं, "एक बुढा बसून राह्यते वो, कानात बोळा घालून. त्याले काई समजत नाई." बडेबाबू समोर फाईलला दोरी बांधत होते. त्यांनी गाठ मारली आणि फाईल बाजूला ठेवली.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात घरून लग्नाची बोलणी सुरू झाली. मुलगा अमरावतीचा, बँकेत अधिकारी, घर चांगलं. वडील फोनवर म्हणाले, "महिनाभर ये. ते लोक पाहायला येताहेत. पटलं तर लगेच उरकून टाकू." मी म्हटलं, काम अर्ध्यावर आहे, सर रजा देणार नाहीत. खरं म्हणजे मी सरांना विचारलंच नव्हतं. मला जायचं नव्हतं असंही नाही. जायचं आहे की नाही, हेच मला ठरवता येत नव्हतं. त्या रात्री मी ट्रंक भरली आणि सकाळी पुन्हा रिकामी केली. वडिलांनी मग मला न विचारता सरांनाच फोन लावला आणि मुलीला महिनाभर घरी पाठवा अशी विनंती केली. हे मला ठाऊक नव्हतं.

मी पुनर्नवेच्या मुळांवर काम करत होते. मुळांचा अर्क काढायचा, उंदराच्या पंजाला सूज आणायची आणि अर्कानं ती किती उतरते ते मोजायचं. काम कुंथत चाललं होतं. अशात एका सकाळी बडेबाबू स्वतः प्रयोगशाळेत आले. म्हणाले, "सर कहते हैं, आप लीफ लीजिए."

"लीफ?"

"जी. लीफ. रूट अभी रहने दीजिए."

"मगर क्यों? कुछ कहा उन्होंने?"

"सर ने जितना कहा, उतना हमने कहा."

मी सरांना भेटायचं म्हटलं. बडेबाबू म्हणाले, "सर अभी बहुत मसरूफ़ हैं. आप काम शुरू कर दीजिए." मग पानं घेतली. पुनर्नवेची पानं लहान, अर्कासाठी ढिगानं लागतात. पण बडेबाबूंनी सगळी व्यवस्था केली. विभागाच्या औषधी बागेच्या माळ्याला सांगितलं, एकदा तर स्वतः टोपली घेऊन धुक्यात बागेत उभे राहिलेले मी पाहिले, कानटोपी घालून, पानं खुडत. हेडक्लार्कनं हे कशाला करायचं? त्यावेळी मला वाटलं, किती मदत करतात.

तो सगळा हिवाळा मी पानांवर घालवला. पानांनी सूज उतरत नव्हती. घरून फोन येणं बंद झालं. मला वाटलं, वडिलांना राग आला असेल, कामातून वेळ मिळाला की पत्र लिहीन. एकदा बडेबाबू म्हणाले, "घर से फ़ोन था. आप चूहों के पास थीं. सब कुशल है." मी विचारलं, कुणाचा? "घर से," ते म्हणाले.

होळी झाल्यावर विभागात सेमिनार होता. प्रत्येकानं आपलं काम सांगायचं, सर पुढच्या रांगेत. मी उभी राहिले आणि पानांचे आकडे फळ्यावर लिहायला लागले. सरांनी हात वर केला. काही तरी बोलले, ते कुणाला ऐकू आलं नाही. पुन्हा बोलले.

"पानं का?"

"सर, तुम्हीच सांगितलंत."

"मी?"

"लीफ घ्या म्हणून. बडेबाबूंनी सांगितलं."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "मी म्हटलं होतं," ते म्हणाले, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू आलं, "तिला लीव्ह घ्यायला सांगा. लीव्ह. रजा. तुझ्या वडिलांचा फोन आला होता."

आधी एकजण हसला, मग सगळी खोली हसली. मी खडू धरून उभी होते. हसावं का, कळेना. दाराशी चहाचे कप मोजत बडेबाबू उभे होते. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बडेबाबूंनी हात जोडले. "हमने तो लीफ ही सुना, हुज़ूर." शकील माझ्या मागून पुटपुटला, "फाया."

सरांनी फळ्यावरचे आकडे वाचले. मग मला विचारलं, "पानांत काही मिळालं?"

"नाही सर."

"मग मुळांकडे जा," सर म्हणाले आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

म्हणजे माझं निम्मं वर्ष एका अक्षरापायी गेलं होतं. फेलोशिप काही त्यासाठी वाढणार नव्हती. शकील म्हणाला, मी असतो तर बडेबाबूंच्या कोटाला आग लावली असती. मलाही राग यायला हवा होता, पण मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा त्यांनी माझ्यासमोर रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म ठेवला, सही-शिक्क्यासकट. "अब छुट्टी ले लीजिए," ते म्हणाले. मी फॉर्म घेतला आणि चारबाग स्टेशनला जाऊन गाडीत बसले.

घरी वेगळंच वाढून ठेवलं होतं. वडील माझ्याशी बोलेनात. त्यांचं म्हणणं, सरांनी पाठवतो म्हणून शब्द दिला आणि तूच आली नाहीस. त्या लोकांपुढे माझी मान खाली गेली. अमरावतीच्या मुलाचं तोवर दुसरीकडे लग्नही झालं होतं. मी लीफ आणि लीव्हची गोष्ट सांगितली. वडील म्हणाले, "एवढं मोठं विद्यापीठ, आणि तिथं असं होते? मले शेंड्या लावू नको." ते मूळचे शिक्षक. इंग्रजी उच्चारावरून त्यांनी आयुष्यभर मुलांना छड्या मारल्या होत्या, त्यामुळे ही चूक त्यांना शक्यच वाटेना. त्यांनी माझ्याशी धड बोलायला पुढची दिवाळी उजाडली. एवढा अबोला आमच्यात आधी कधी नव्हता आणि नंतरही झाला नाही.

आई मात्र भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुह्या ऑफिसातले ते बाबू मात्र लई सभ्य हाये वो."

"कोण बाबू?"

"मी चोरून फोन केला होता ना एक डाव, तुह्या बापाले न सांगता. तू नव्हती. ते बोलले. किती छान मराठी बोलतेत. एकदम पुस्तकातल्यावानी."

मला वाटलं, आईची काही तरी गफलत होते आहे. "हिंदी बोलले असतील."

"मले हिंदी आन् मराठी समजत नाई काय? म्हणाले, आपण काळजी करू नये, आपली कन्या उत्तम आहे, तिचे काम सुरू आहे. आन् म्हणाले, तिला इतक्यात बोलावू नये."

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. आधी मला आठवलं ते मी कानातल्या बोळ्याबद्दल काय बोलले होते ते. मग बाकीचं एकेक आठवत गेलं. वडिलांचे फोन, मुलाचं नाव, महिनाभर ये, लगेच उरकून टाकू. रजा मिळणार नाही हे माझं खोटं. सगळं त्या टेबलावर, ट्रंक कॉलला लागतं तसं दोन्हीकडून ओरडून बोललेलं, आणि समोर ते बसलेले.

लखनौला परत गेले ती सरळ त्यांच्या खोलीत. दार लावून घेतलं आणि मराठीतच विचारलं, "बडेबाबू, तुम्हाला मराठी येते?"

ते टायपरायटरवर झाकण घालत होते. "किंचित," ते म्हणाले. "आपण बसावे."

आईचं बरोबर होतं. पुस्तकातली मराठी, एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा.

"मग माझं सगळं बोलणं कळत होतं."

"आपण मोठ्याने बोलत होता."

"सरांनी लीव्ह म्हटलं होतं. तुम्हाला नीट ऐकू आलं होतं ना? तुम्ही मुद्दाम केलंत."

यावर ते हिंदीत गेले. "बिटिया, लीफ और लीव. सुनने में क्या फ़र्क़ है?"

"तुम्ही रोज रजेचे अर्ज टाईप करता. तुम्हाला फरक माहीत आहे."

"टाइप करने में बहुत फ़र्क़ है," ते म्हणाले. "हमने तो सुना था."

मी त्यांच्याकडे बघत बसले. चेहऱ्यावर काही नाही. मी म्हटलं, मला जायचं होतं की नाही हे तुम्ही कोण ठरवणार? माझे वडील माझ्याशी बोलत नाहीत. माझं निम्मं वर्ष फुकट गेलं. हे म्हणताना मला रडू आलं, आणि ते रागाचं की कशाचं ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी माठातलं पाणी ओतून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "आपण ट्रंक भरली होती का?"

"हो."

"मग?"

"मग रिकामी केली."

"हं," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली. मागे भिंतीशी वाट मोकळी झाली. "सर अंदर हैं. जाइए, मिल लीजिए."

त्या दिवसापासून त्यांनी खुर्चीनं माझी वाट कधी अडवली नाही. मी आणि सर समोरासमोर बोलायला लागलो. मुळांचं काम मार्गी लागलं, पीएच.डी. उशिरानं का होईना झाली, नागपूरला नोकरी लागली. माझं लग्न पुढे झालं, माझ्या मनाप्रमाणे झालं. ही गोष्ट मी सांगते तेव्हा लोक म्हणतात, त्या माणसानं तुला वाचवलं. मला तसं म्हणवत नाही. कारण तो अमरावतीचा मुलगा मला पुढे नागपूरला भेटला, आमच्या कॉलेजचं खातं त्याच्याच शाखेत होतं. साधा, हसतमुख गृहस्थ. त्याची बायको कॉलेजात शिकवते, आणि पीएच.डी. तिनं लग्नानंतर केली. म्हणजे मी गेले असते तरी कदाचित काही बिघडलं नसतं. मग बडेबाबूंनी मला कशातून सोडवलं? की काही केलंच नव्हतं, आणि खरोखर नुसतं ऐकण्यात चुकले होते? शकीलनं त्यांना विचारलं होतं, मराठी कुठे शिकलात. त्याला सांगितलं, फौजेत एक मराठा दोस्त होता. मला सांगितलं, देवनागरी येतेच, एक पुस्तक आणून वाचलं. दोन्ही गोष्टी त्यांनी त्याच चेहऱ्यानं सांगितल्या.

ऐंशीनंतर काही वर्षांनी मी तोंडी परीक्षा घ्यायला लखनौला गेले. सर निवृत्त होऊन दक्षिणेला गेले होते. शकील आता विभागातच शिकवत होता. त्याला बडेबाबूंचं विचारलं. तो म्हणाला, लकव्याचा झटका आला, आता विकास नगरला मुलाकडे असतात. "मगर मत जाओ. दिमाग़ चला गया है. किसी की समझ में नहीं आता क्या बोलते हैं."

मी म्हटलं, ते आधी तरी कुठे समजत होतं. आणि रिक्षा करून गेले.

विकास नगर तेव्हा नवं वसत होतं. अर्धी घरं गिलाव्याविना, रस्त्याकडेला वाळूचे ढीग. सुनेनं दार उघडलं. पंचविशीतली मुलगी, डोक्यावर पदर, हाताला पीठ. मी बाबूजींच्या विभागातली जुनी विद्यार्थिनी म्हटल्यावर तिनं आत नेलं आणि हळूच म्हणाली, "पहचानेंगे नहीं, दीदी. हम लोगों को भी नहीं पहचानते. जब से झटका आया है, पता नहीं क्या बड़बड़ाते हैं. डॉक्टर कहते हैं, अब ऐसे ही रहेंगे."

ते खाटेवर होते, फार लहान दिसत होते. कानाच्या पाळीत काही नव्हतं. मी स्टूल ओढून बसले. त्यांनी मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काहून वो, इतका उशीर केला?"

मी सुनेकडे पाहिलं. ती मान हलवत म्हणाली, "देखा? यही सब."

ती वऱ्हाडी होती. पुस्तकातली मराठी नव्हे, आमच्या अकोल्याकडची, शेताबांधावरची. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "गाडी उशिरा आली. कशी हाये तब्येत?"

"पाय दुखून राह्यले," ते म्हणाले. "ते बाई उशी काढून घेते. तूर सोंगून झाली काय?"

"झाली," मी म्हटलं. कुठल्या शेतातली कापणी विचारत होते कुणास ठाऊक, पण दुसरं काय म्हणणार?

सून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "आप... आप समझ रही हैं?"

मी म्हटलं, ही मराठी आहे. ते म्हणतात पाय दुखतात. पाय म्हणजे पैर. पायाखालची उशी, म्हणजे तकिया, तू काढून घेतेस, ती राहू दे म्हणतात.

ती जमिनीवरच बसली. "हाय राम. ये दिन भर पाय-पाय करते हैं, हम समझे पाये माँग रहे हैं. डॉक्टर ने गोश्त मना किया है, तो हम कह देते थे, बाबूजी, ठीक हो जाइए फिर पका देंगे. और उसी-उसी कहते हैं. हम पूछते थे, उसी को किसको? किसको बुलाएँ?" तिनं पदरानं डोळे पुसले. "तकिया तो हम इसलिए हटाते थे कि पैर ऊँचे रखने से नींद न टूटे."

मी तिला विचारलं, यांना ही भाषा कशी येते? हे मूळचे कुठले? तिला माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्याला माहीत नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक की वडील इथल्याच चौक नावाच्या जुन्या वस्तीत वाढले, एका लांबच्या काकांकडे. त्याआधीचं घरात कधी कुणी बोललं नाही. "अम्माजी होतीं तो शायद बतातीं," ती म्हणाली. कुठल्या गावी, कुणाच्या घरी, कुणाच्या तुरीच्या शेतात हा माणूस लहान होता आणि तिथून लखनौला कसा आला, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. मी त्यांनाच विचारून पाहिलं, "गाव कोणतं तुमचं?" ते म्हणाले, "आपलंच," आणि डोळे मिटले.

सुनेनं कपाटातून उशी आणली आणि त्यांच्या पायाखाली सारली. मग मला म्हणाली, "दीदी, दो-चार बातें हमको सिखा जाइए."

मी संध्याकाळपर्यंत तिथे बसले. पोळ्या लाटता लाटता ती विचारत गेली. भूक को क्या कहते हैं, ठंड लग रही है कैसे पूछें, दर्द है क्या. तिची जीभ अडखळत होती, पण ती सोडत नव्हती. मग हात पुसून ती खाटेपाशी गेली, त्यांच्या पायांवर हात ठेवला आणि जपून, एकेक अक्षर करत म्हणाली, "पाय... दुखते का?"

त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, बराच वेळ.

"आता नाई," ते म्हणाले. "जेवली काय तू?"

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला शब्द सांगितला, आणि ती त्यांना म्हणाली, "जेवली."